चार बोटं रुंद

चीनकडचे रूळ आमच्या रुळांहून चार बोटं अरुंद.
तेवढ्यासाठी हे सगळं:
पाच क्रेन, अठरा फाटे, रात्रपाळी,
आणि दोस्तिक यार्डाच्या दुसऱ्या मजल्यावर मी,
तेच यार्ड पडद्यावर पुन्हा मांडून बसलेली.

माझ्या यार्डात कंटेनर म्हणजे निळा चौकोन.
अरुंद रुळावरून उचलायचा,
रुंद रुळावर ठेवायचा,
सरासरी एकशे चाळीस सेकंद.
आख्खं वर्ष मी चहा निवायच्या आत पळवते.
कोणी दमत नाही. कोणाचं बोट चिरडत नाही.

पहिले दोन दिवस हिशेबात धरायचे नाहीत, असं शिकवलंय.
मॉडेल रिकाम्या यार्डापासून निघतं
आणि रिकामं यार्ड ही थापच असते.
झाकिपबेकला हे सांगितलं तर तो हसत सुटला.
"एकोणीस वर्षांपूर्वी वर चढलो ना, मेरुएर्त,
तेव्हाही रांग होतीच.
आधीच्या गड्याने हातात किल्ली दिली
आणि हवेत अर्धवट लोंबणारा कंटेनर."

प्रत्येक खेपेला एक आकडा द्यावा लागतो, त्याला म्हणतात बी.
तेच बी पेरलं की तेच वर्ष उगवतं:
तोच उशीर, बुधवारी पहाटे तीच फुटलेली ब्रेकची नळी.
एकदा मी वडील गेले ती तारीख पेरली.
त्या वर्षी सगळ्या गाड्या वेळेवर होत्या.

वरून विचारणा होती, घोडं पेंड कुठे खातंय ते शोधा.
मी शोधलं. तीनशे खेपा, तीनशे वर्षं.
उत्तर आलं: क्रेन पुरेशा, माणसं दोन टोळ्यांनी जास्त.
ओरिनबासार साहेबांनी तो कागद
दोनदा वाचला आणि खिशात ठेवला.
दोन टोळ्या म्हणजे चौदा जण.
मॉडेलमध्ये त्यांना नावं नव्हती,
माझ्याकडे होती.

संध्याकाळी झाकिपबेक वही घेऊन आला,
तेलकट, कोपरे दुमडलेली,
पानापानावर तारखा आणि एकच शब्द: एबी.
"तुझ्या यंत्रात वारा आहे का?"
आहे की. महिन्याला बावीस तास,
इकडे पाऊण तास, तिकडे वीस मिनिटं, सारखा पसरलेला.
तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
"चिवड्यातल्या शेंगदाण्यासारखा टाकलायस.
एबी असा येत नाही, पोरी.
आधी दोन दिवस उबदार, पाखरू हलत नाही,
मग बावीसचे बावीस तास एकदम,
आणि आम्ही क्रेन साखळदंडांनी बांधून खाली बसतो."

आकडा तोच. बेरीज तीच.
मी फक्त त्याला एकत्र ठेवला.
रांग सीमा ओलांडून पलीकडे कुठे गेली ते पडद्यात मावेना.
वारा पडल्यावर ती फोडायला
त्याच दोन टोळ्या लागल्या, आणि शिवाय
दोन फाटे, वर्षभर मुद्दाम मोकळे ठेवलेले.

मोकळे ठेवा, असं लिहून देणं सोपं नसतं.
साहेब म्हणाले, "गवत उगवेल रुळांत."
"उगवू दे," मी म्हटलं, जरा जोरातच.
त्यांनी पहिला कागद खिशातून काढला नाही.
फेकलाही नाही.

काल रात्री पुन्हा चालवून बघत होते.
मधेच सगळे चौकोन जागच्या जागी थांबले.
वाटलं, झालं, अडकलं मॉडेल.
बटण दाबणार एवढ्यात कोपऱ्यात घड्याळ दिसलं,
तास पुढे सरकत होते,
फक्त काही हलत नव्हतं.

आत वारा सुटला होता.
मी हात मागे घेतला आणि बसून राहिले,
खालच्या खोपटात ते बसतात तशी.